आपत्तीतील साहाय्य आणि त्याची वसुली

अतिवृष्टीने शेत खरवडून गेले, पुराने घराची भिंत कोसळली किंवा पावसाने ओढ दिल्याने उभे पीक करपले, की शासनाच्या वतीने आपद्ग्रस्तास साहाय्य दिले जाते. पंचनामा होतो, याद्या लागतात, रक्कम खात्यावर जमा होते. पुष्कळदा ती जमा झाल्यापासून आठवडाभरात बियाणे, खत आणि किराणा यांच्या उधारीत संपूनही जाते. त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी काहींच्या हाती तहसील कार्यालयाची नोटीस पडते. आपणांस अदा करण्यात आलेली रक्कम शासनजमा करावी, अन्यथा ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्यात येईल, असा तिचा आशय असतो. ज्याने हात पसरून मागितले नव्हते, केवळ यादीत नाव आले म्हणून घेतले, त्याला ही मागणी अन्यायाची वाटते. उलट, सार्वजनिक निधीचा हिशेब द्यावयाचा असलेल्या अधिकाऱ्यास ती कर्तव्याचा भाग वाटते. दोघांच्याही बोलण्यात तथ्य असू शकते. प्रत्यक्ष प्रकरणी कोणाचे म्हणणे बरोबर, हे ती रक्कम मुळात कोणत्या स्वरूपाची होती यावर अवलंबून असते.

गावात 'सरकारी मदत' हा एकच शब्द सर्रास वापरला जातो. परंतु त्या शब्दाखाली निरनिराळे व्यवहार येतात. काही मदत कर्ज असते, काही मजुरी असते, काही अनुग्रह अनुदान असते, तर काही पुढे मिळावयाच्या भरपाईतील आगाऊ उचल असते. यांपैकी कोणती रक्कम परत करावी लागते आणि कोणती नाही, हे समजण्यासाठी तगाईपासून प्रारंभ करणे सोयीचे होईल.

तगाईची परंपरा

'तगाई' किंवा 'तकावी' हा शब्द बळ देणे या अर्थाच्या अरबी शब्दापासून आला आहे. खचलेल्या कुळाला बी-बियाणे आणि बैल यांसाठी सरकारातून रक्कम द्यावयाची व पीक आल्यावर ती हप्त्यांनी वळती करून घ्यावयाची, अशी ही पद्धत मराठेशाहीतही रूढ होती. इंग्रजी अमदानीत तिला कायद्याचे रूप आले. १८७६ ते १८७८ या काळातील दख्खनच्या भीषण दुष्काळानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने आपला अहवाल १८८० मध्ये दिला. त्यापाठोपाठ १८८३ चा जमीन सुधारणा कर्ज अधिनियम आणि १८८४ चा शेतकरी कर्ज अधिनियम हे दोन कायदे झाले. विहीर, ताल-बांध यांसारख्या कायम सुधारणांसाठी पहिला. बियाणे, गुरे आणि संकटनिवारण यांसाठी दुसरा.

या दोन्ही कायद्यांत एक गोष्ट समान होती. दिलेली रक्कम, तिच्यावरील व्याज आणि वसुलीचा खर्च ही सर्व महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येत असे. सावकाराला वसुलीसाठी दिवाणी न्यायालयात जावे लागे. सरकारला त्याची गरज नव्हती. गावातील अनेकांनी मिळून तगाई घेतली असेल तर ते सारे एकत्रितपणे व एकेकटेही जबाबदार धरले जाण्याची तरतूद होती. म्हणजे शेजारी परागंदा झाला तर त्याचा भार मागे राहिलेल्यावर पडण्याचा संभव होता. गरजू माणूस सावकाराचे दार सोडून मामलेदार कचेरीकडे वळण्यास का कचरत असे, याचे एक कारण येथे सापडते. सावकार व्याज जबर घेई. पण बऱ्या-वाईट वर्षाचा अंदाज पाहून थांबतही असे. कचेरीच्या हप्त्याला तारीख असे.

१८९९-१९०० च्या दुष्काळात या पद्धतीची मोठी परीक्षा झाली. दुष्काळ कधी ठाऊक नाही असा ज्याचा लौकिक, तो माळवाही त्या वर्षी होरपळला. विक्रम संवत् १९५६ मध्ये पडलेला हा 'छप्पनचा दुष्काळ' धार आणि देवास या मराठी पवार घराण्यांच्या संस्थानांतही लोकांच्या स्मरणात दीर्घकाळ राहिला. सरदारपूर, राजगड, मोहनखेडा हा आजच्या धार जिल्ह्याचा पश्चिम भाग झाबुआच्या डोंगराळ प्रदेशाला लागून आहे. त्या काळी अनेक संस्थानांना दुष्काळनिवारणासाठी हिंदुस्थान सरकारकडून कर्ज काढावे लागले. प्रजेला दिलेली तगाई प्रजेकडून आणि संस्थानाला दिलेले कर्ज संस्थानाकडून, अशी ही परतफेडीची दुहेरी साखळी होती. १९०१ च्या दुष्काळ आयोगाने मात्र या अनुभवातून एक महत्त्वाचा निष्कर्ष काढला. तगाई लवकर व उदार हाताने द्यावी आणि सारा तहकूब करावयाचा किंवा सूट द्यावयाची असेल तर ते वेळीच जाहीर करावे. शेतकऱ्याचे धैर्य खचल्यावर दिलेल्या मदतीचा उपयोग कमी होतो, असा त्यामागील विचार होता.

सूट मागण्याचा हक्क

वसुली थांबवणे ही सरकारची मेहेरबानी की रयतेचा हक्क, हा वाद महाराष्ट्रात त्याआधीच उभा राहिला होता. पीक चार आण्यांपेक्षा कमी उतरल्यास सारा तहकूब व्हावा, असा नियम कागदावर होता. तो शेतकऱ्याला ठाऊक नव्हता. १८९६-९७ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या द्वारे दुष्काळी नियमांची माहिती खेड्यापाड्यांत पोहोचवली. देणे शक्य असेल तर द्यावे, परंतु शक्य नसताना दागदागिने व गुरे विकून सारा भरू नये, असा त्यांचा उपदेश होता. सरकारने हे चळवळीचे काम मानले आणि १८९७ मध्ये सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. सरकारचेच छापील नियम लोकांना समजावून सांगितल्याबद्दल ही कारवाई झाली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. चार आण्यांच्या याच नियमावर १९१८ मध्ये खेडा जिल्ह्याचा सत्याग्रह उभा राहिला.

आणेवारीची पुढे पैसेवारी झाली. पैसेवारी ५० पैशांपेक्षा कमी आलेल्या गावांत ज्या सवलती लागू करण्याचा प्रघात महाराष्ट्रात पडला, त्यांत जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जांचे पुनर्गठन, शेतीशी निगडित कर्जांच्या वसुलीस स्थगिती, कृषिपंपांच्या चालू वीज देयकात ३३.५ टक्के सवलत आणि विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कात माफी यांचा समावेश होतो. केंद्र शासनाने डिसेंबर २०१६ मध्ये नवी दुष्काळ व्यवस्थापन संहिता काढल्यानंतर दुष्काळ ठरवताना पर्जन्यमान, पिकांची स्थिती, जमिनीतील ओलावा यांसारखे निर्देशांक पाहिले जाऊ लागले. या निकषांनुसार महाराष्ट्रात ऑक्टोबर २०१८ मध्ये १५१ तालुके व ऑक्टोबर २०२३ मध्ये ४० तालुके दुष्काळी म्हणून जाहीर झाले.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. स्थगिती म्हणजे माफी नव्हे. वसुलीस स्थगिती मिळालेले कर्ज पुढच्या हंगामात पुन्हा देय होते. पुनर्गठन झालेल्या पीक कर्जाचे मध्यम मुदतीच्या कर्जात रूपांतर होते व त्यावर व्याज चालू राहते. रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या निर्देशांनुसार पिकाचे नुकसान ३३ ते ५० टक्के असेल तर परतफेडीसाठी कमाल दोन वर्षे व ५० टक्क्यांहून अधिक असेल तर कमाल पाच वर्षे मुदत देण्याची तरतूद होती. 'सरकारने कर्ज माफ केले होते, मग बँक कशी मागते?' हा प्रश्न गावोगावी विचारला जातो. त्याचे उत्तर बहुतेक वेळा स्थगिती आणि माफी या दोन शब्दांतील अंतरात असते.

मजुरी आणि अनुदान

१९७० ते १९७३ या दुष्काळाने महाराष्ट्रात मदतीची कल्पनाच बदलली. मे १९७३ च्या सुमारास दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. पाझर तलाव, नालाबांध, खडी फोडणे, रस्ते या कामांवर मिळालेली रक्कम हे कर्जही नव्हते आणि दानही नव्हते. ती श्रमाची मजुरी होती. म्हणूनच ती परत मागण्याचा प्रश्न उद्भवला नाही. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने साकारलेली रोजगार हमी योजना व १९७७ चा महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम यांचा पाया हाच होता. ज्या पिढीने तगाईच्या हप्त्यांसाठी बैल विकले जाताना पाहिले होते, तिला या फरकाचे मोल वेगळे सांगावे लागले नाही.

घरांच्या बाबतीत चित्र इतके स्पष्ट नव्हते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात हाहाकार झाला. पूरग्रस्तांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांना भाडेपट्ट्याने जमिनी मिळाल्या. त्यांच्या मालकीहक्काचा प्रश्न मात्र पुढे कित्येक दशके रेंगाळत राहिला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. त्यासाठी जागतिक बँकेकडून कर्ज घेतले गेले. परंतु ते राज्याच्या तिजोरीने फेडावयाचे होते, घर मिळालेल्या कुटुंबाने नव्हे.

आज नैसर्गिक आपत्तीत शेतकऱ्यास मिळणारी रक्कम राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून दिली जाते. या निधीत महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के व राज्याचा २५ टक्के असतो. २०२२-२३ ते २०२५-२६ या कालावधीसाठी केंद्राने ठरवलेल्या दरांनुसार ३३ टक्के वा अधिक नुकसान झालेल्या कोरडवाहू पिकास हेक्टरी ८,५०० रुपये, बागायती पिकास १७,००० रुपये व बहुवार्षिक पिकास २२,५०० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, देय होते. राज्य शासनाने वेळोवेळी दर किंवा क्षेत्रमर्यादा वाढवून स्वतःची भर घातली. ही रक्कम निविष्ठा अनुदान आहे. ती नुकसानीची पूर्ण भरपाई नाही, तसेच ते कर्जही नाही. पात्र शेतकऱ्यास योग्य क्षेत्रासाठी मिळालेले असे अनुदान शासन परत मागू शकत नाही. पुढच्या वर्षी पीक भरघोस आले म्हणूनही मागू शकत नाही.

शासन मागत नसले तरी बँक मागते, हा अनुभव मात्र जुना आहे. अनुदान खात्यावर जमा होताच थकीत कर्जापोटी वळते करणे किंवा खाते गोठवणे असे प्रकार वारंवार घडत आल्याने मदत वाटपाच्या शासन निर्णयांत, बँकांनी या रकमेतून कोणत्याही प्रकारची वसुली करू नये, अशी अट घातली जाते. जुलै २०२४ मध्ये केरळातील वायनाड जिल्ह्यात दरड कोसळून गावेच्या गावे गाडली गेली. वाचलेल्यांच्या खात्यावर जमा झालेल्या तातडीच्या मदतीतून एका ग्रामीण बँकेने कर्जाचे हप्ते कापून घेतले. लोकक्षोभानंतर ते परत करावे लागले. महाराष्ट्रात असे घडल्यास शासन निर्णयाची प्रत जोडून बँकेच्या शाखेकडे, आणि तेथे दाद न लागल्यास तहसीलदार व जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था किंवा अग्रणी बँकेच्या जिल्हा व्यवस्थापकाकडे लेखी अर्ज करणे हा मार्ग आहे. तोंडी तक्रारीची नोंद कोठेच राहत नाही.

चुकीने दिलेली आणि लबाडीने घेतलेली रक्कम

वसुलीच्या नोटिसा बहुतांशी निघतात त्या या भागात. एकाच क्षेत्रासाठी दोनदा रक्कम जमा होणे, सामायिक सातबाऱ्यावरील दोघा भावांना पूर्ण क्षेत्राचे पैसे जाणे, नावातील साधर्म्यामुळे एकाचे दुसऱ्याला मिळणे, हे चुकीचे प्रकार होत. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या ७२ व्या कलमानुसार चुकीने मिळालेले पैसे परत करणे बंधनकारक आहे. घेणाऱ्याचा दोष नव्हता, एवढ्यावरून रक्कम त्याची होत नाही.

लबाडीचा प्रकार निराळा. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या ५२ व्या कलमानुसार मदत मिळवण्यासाठी जाणूनबुजून खोटा दावा करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंडाची शिक्षा आहे. मदतीच्या पैशाचा वा साहित्याचा अपहार करणाऱ्यास ५३ वे कलम लागू होते, आणि ते यादी करणाऱ्या कर्मचाऱ्यालाही लागू होते. जालना जिल्ह्यातील अंबड व घनसावंगी तालुक्यांत २०२२ ते २०२४ या काळातील अनुदान वाटपातील गैरप्रकार २०२५ मध्ये उघडकीस आले. जमीन नसलेल्यांची नावे यादीत घालणे, एकाच व्यक्तीस अनेकदा रक्कम देणे अशा स्वरूपाचे आरोप होते. अनेक तलाठ्यांना निलंबित करण्यात आले व वसुलीची कारवाई सुरू झाली. अशा प्रकरणात ज्याच्या खात्यावर पैसे आले तो आणि ज्याने ते पाठवले तो, या दोघांचीही जबाबदारी तपासणे आवश्यक ठरते. केवळ खातेदाराला नोटीस देऊन फाइल बंद केली, तर चोरी पकडली पण चोर सुटला असे होईल.

आपत्तीशी संबंध नसलेली, पण याच जातीची मोठी वसुली प्रधानमंत्री किसान सन्मान निधीत झाली. वर्षाला ६,००० रुपयांच्या या योजनेतून आयकर भरणारे शेतकरी वगळलेले होते. तरीही त्यांतील पुष्कळांच्या खात्यावर हप्ते गेले, आणि २०२० पासून महाराष्ट्रातील तहसील कार्यालयांनी त्यांना नोटिसा दिल्या. यांत खोटी माहिती देणारे होते, तसे अट न वाचता अर्जावर सही करणारेही होते. दोघांना एकच छापील मसुदा गेला.

अंतरिम मदतीची वजावट

परतफेडीचा आणखी एक प्रकार आहे, जो नोटिशीविनाच होतो. मध्य प्रदेशातील भोपाळ येथे डिसेंबर १९८४ मध्ये झालेल्या वायुदुर्घटनेनंतर १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. १९९० पासून बाधितांना दरमहा २०० रुपये अंतरिम साहाय्य देण्यात आले. पुढे दाव्यांचे निकाल लागून भरपाई मंजूर झाली, तेव्हा ही रक्कम तीतून वजा करण्यात आली. औषधोपचारात व पोटापाण्यात खर्च झालेले ते पैसे मदत नसून उचल होती, हे अनेकांना त्या वेळी प्रथम कळले. २०१० मध्ये वाढीव अनुग्रह रक्कम ठरली, तीही पूर्वी दिलेली रक्कम वजा जाता. कायद्याच्या दृष्टीने एकाच हानीची भरपाई दोनदा होऊ नये, हे तत्त्व योग्य आहे. तथापि 'अंतरिम' या शब्दाचा अर्थ पहिल्या हप्त्याच्या वेळीच समजावून सांगितला असता, तर वजावटीच्या दिवशी फसवणुकीची भावना निर्माण झाली नसती.

सरकारे एकमेकांकडूनही वसुली करतात. २०१८ च्या महापुरात केरळला दिलेल्या सुमारे ८९ हजार टन तांदळाचे सुमारे २०६ कोटी रुपयांचे देयक केंद्राकडून आले व ते भरण्याचा निर्णय त्या राज्याला २०२२ मध्ये घ्यावा लागला. डिसेंबर २०२४ मध्ये हवाई बचावकार्याच्या खर्चापोटी १३२ कोटी ६२ लाख रुपयांची मागणी पुढे आली. तीत २००६ पासूनची देणी होती. अमेरिकेत २००५ च्या कॅटरिना वादळानंतर अपात्र ठरवलेल्या कुटुंबांना सहा वर्षांनी वसुलीची पत्रे गेली, तेव्हा तेथील संसदेने डिसेंबर २०११ मध्ये कायदा करून, चूक शासकीय यंत्रणेची असेल व कुटुंबाने लबाडी केली नसेल तर वसुली सोडून देण्याचा अधिकार त्या यंत्रणेस दिला. आपल्याकडे आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाचे १३ वे कलम गंभीर आपत्तीत कर्जफेडीत सवलत देण्याची शिफारस करण्याचा अधिकार राष्ट्रीय प्राधिकरणास देत असे. २०२५ च्या दुरुस्तीने ते कलम वगळण्यात आले.

नोटीस आल्यावर

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या १७६ व्या कलमात थकबाकी वसुलीचे मार्ग दिले आहेत. मागणीची लेखी नोटीस ही त्यांतील पहिली पायरी. जंगम मालमत्तेची जप्ती व विक्री, स्थावर मालमत्तेची जप्ती, आणि शेवटी अटक व कैद या पुढच्या पायऱ्या. मध्य प्रदेशात १९५९ ची भू-राजस्व संहिता लागू असून तेथील आपत्ती मदत राजस्व पुस्तक परिपत्रक ६(४) अन्वये दिली जाते. धार-देवासकडील मराठी कुटुंबांना तोच कागद पाहावा लागेल. एका जिल्ह्याची थकबाकी दुसऱ्या जिल्ह्यात राहणाऱ्याकडून, मग तो जिल्हा दुसऱ्या राज्यातील का असेना, १८९० च्या महसूल वसुली अधिनियमाखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या दाखल्यावर वसूल होऊ शकते. म्हणून शेत मोहनखेड्यास आणि बिऱ्हाड नाशिकला, एवढ्याने सुटका होत नाही.

परंतु हे मार्ग खुले होण्यासाठी रक्कम मुळात महसुली थकबाकीप्रमाणे वसूल होण्याजोगी असावी लागते. तसे कायद्यात, किंवा कायद्याच्या आधाराने दिलेल्या हमीपत्रात नमूद असावे लागते. म्हणून नोटिशीत प्रथम पाहावयाचे ते हे की, कोणत्या शासन निर्णयान्वये रक्कम दिली होती, कोणत्या गट क्रमांकासाठी व किती क्षेत्रासाठी, अपात्रतेचे कारण कोणते, आणि वसुलीचा आधार म्हणून कोणते कलम दिले आहे. केवळ 'आपण अपात्र आहात' एवढेच लिहिलेले असेल तर कारण लेखी मागावे. पंचनाम्याची व मदतयादीची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते. ती ३० दिवसांत मिळावयास हवी. म्हणणे मांडण्याची संधी न देता काढलेला वसुलीचा आदेश टिकणे कठीण असते. संहितेखालील तहसीलदारांच्या आदेशावर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करता येते. मुदत आदेश मिळाल्यापासून मोजली जात असल्याने पाकिटावरील तारखेचा शिक्का फेकून देऊ नये.

रक्कम खरोखरच जादा आलेली असेल, तर ती एकरकमी भरणे न झेपल्यास हप्ते पाडून मिळावेत असा अर्ज करण्यास हरकत नाही. हप्ता मान्य करताना तहसीलदारांनी सुगीचा महिना धरून तारीख दिली, तर वसुलीही होते आणि बैलही दावणीला राहतात. भरणा चलनानेच करावा. तलाठ्याच्या, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या, हाती रोख दिल्यास सरकारी पावती घेतल्याशिवाय उठू नये. आणि चलनाची एक प्रत वसुलीची नोटीस देणाऱ्या शाखेत पोहोच घेऊन द्यावी, कारण कोषागारात पैसे जमा झाले तरी त्या शाखेच्या यादीतून नाव आपोआप कमी होत नाही, आणि पुढच्या वर्षीच्या मदतीची यादी तयार होताना जुनी थकबाकी दिसत राहिली तर नवी रक्कम तेथेच अडते.